मूळची कुठली?

गुरुवार, पिनर, लंडन. स्वयंपाक व्हायचाय.

सकाळपासून तोंड लपवावंसं वाटतंय. वॉर्डवर दोन नवे डॉक्टर आले, दोघंही ऑस्ट्रेलियाचे. शॉन गोरा, ग्रेसचा चेहरा चिनी. शॉनला मी लगेच म्हटलं, "वा, ऑस्ट्रेलियन! इथली थंडी सोसेल ना?" आणि ग्रेसला? "हो, पण मूळची कुठली तू?"

आपल्याकडे गाव विचारतात ते आपुलकीने, असं दिवसभर मनाला समजावतेय. मग शॉनला का नाही विचारलं?

ग्रेस म्हणाली, "मेलबर्न." तिथे तरी गप्प बसायचं! मी वर अक्कल पाजळली, की चिनी माणूस कुठेही गेला तरी मनाने चिनीच राहतो, ऑस्ट्रेलियन कसे मोकळेढाकळे. ग्रेस नुसती हसली. शॉनच म्हणाला, "तिचे पणजोबासुद्धा तिथे जन्मले. मी इथला, इंग्लंडमधल्या लीड्सचा, नऊ वर्षांचा असताना तिकडे गेलो."

ग्रेसचं ते हसू. पेशंट मला "बट ओरिजिनली?" विचारतात तेव्हा मी अस्संच हसते, आणि घरी येऊन चिडचिड करते.

आत्ता चहा घेताना लेकीला, ईराला, हे सगळं सांगितलं. ती इथेच जन्मलेली. फोनमधून वर न बघता म्हणाली, "आई, माझे फ्रेंड्सना पण तू हेच विचारते. गोरे असले तर नाही विचारत. म्हणून मी कोणाला घरी आणत नाही."

मला वाटायचं, अभ्यास फार असतो तिला.