आत्याच्या खोलीची किल्ली मी नेली आहे

दादा,

किल्ली शोधत बसू नकोस, माझ्याकडे आहे. जेवण झाकून ठेवलंय.

आत्याच्या मृत्युपत्राला कोर्टाची मंजुरी, ते प्रोबेट, अजून आलेलं नाही, त्यामुळे दारातूनच विचारू नकोस. पण पेपरातली आपली नोटीस वाचून एक माणूस आला. तू कामावर गेलास आणि बेल वाजली. म्हातारे गृहस्थ, हातात ते कात्रण. म्हटलं, आला हरकत घेणारा; आता कोर्टात आणखी लटकणार आणि तू घर डोक्यावर घेणार.

ते म्हणाले, "हरकत कसली हो! पण ती गेली, हे मला यातूनच कळलं."

आत्या हॉस्पिटलात नर्स होती तेव्हा हे तिथेच ॲम्ब्युलन्स चालवायचे. दर रविवारी दोघं फिरायला जायची. तिचा फोन लागेना, तेव्हा त्यांना वाटलं, रुसली असेल. रविवारी ती कुठे असते, हे आपण कधी विचारलंच नाही.

आत्याची खोली बघायची का विचारलं, तर लगेच उठले. आता चपला घालून दारात उभे आहेत.

वकिलांना फोन करू नकोस. कोर्टाचा कागद येईपर्यंत तिथलं काही हलवायचं नाही, हे मला ठाऊक आहे. त्यांना फक्त थोडा वेळ बसू देणार आहे.

संध्याकाळी त्यांना जेवायलाच घेऊन येते. नीट बोल. ती आपल्याबद्दल काय सांगायची, ते तू विचार. माझा धीर होत नाही.

बारकी