साच्यांची वाटणी होणार नाही

मी, वालबुर्गा श्टाइनलेख्नर, वय एकाहत्तर, राहणार डीसेन, आमरझे तलावाकाठी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणाचा दबाव नाही.

१. माझे घर, बँकेतील शिल्लक, तळमजल्यावरील कारखाना, भट्टी व कोरण्या माझ्या भावाची मुलगी आफ्रा हिला द्याव्यात. नाताळच्या झाडावर टांगायची कथलाची पाने, शंकू आणि पाखरे ती ओतत राहील, असा मला भरवसा आहे. घर विकले तरी चालेल. भट्टी विझवू नये.

२. दगडी साचे. दोन अर्धे दगड जुळले तरच एक साचा होतो. वडिलांनी कारखाना माझ्या नावे केला, तेव्हा माझा भाऊ कोर्बिनियान रागाने प्रत्येक साच्याचा पुढचा अर्धा घेऊन गेला. "आता ओत बघू," म्हणाला. वडिलांनी मला रंगवायला बसवले होते, कोरणी कधी हाती दिली नव्हती. हरवलेले अर्धे नव्याने कोरायला ती मी चाळिशीनंतर उचलली. पहिली चिमणी कोंबडीएवढी लठ्ठ झाली. बाजारात लोक हसले, आणि विकत घेऊन गेले. त्यावर मी तगले. भावाशी बोलणे मात्र बंद झाले ते झालेच.

गेल्या शरदात आफ्रा दारात उभी राहिली.

"आत्या, मला शिकायचंय."

"तुझ्या बापाला ठाऊक आहे?"

"बाबा गाडीत बसलेत. मागच्या सीटवर दगड आहेत."

"मग उतरत का नाही?"

"तू बोलावल्याशिवाय नाही म्हणतात."

मी बोलावले नाही. कॉफी घेऊन गेले आणि काचेवर टकटक केली. संध्याकाळपर्यंत आम्ही तिघांनी बगळ्याच्या साच्याचे दोन्ही अर्धे घासून जुळवले आणि कथील ओतले. बगळा अखंड निघाला.

"पाय बारीक आलेत," कोर्बिनियान म्हणाला.

"आपल्या बाबांच्या हातूनही तसेच यायचे," मी म्हटले. तो रडला. मी भट्टीकडे बघत राहिले.

म्हणून लिहिते: यापुढे कितीही भांडण झाले, तरी साच्याचे दोन्ही अर्धे आफ्राकडे, एकाच घरात राहतील.

३. कोर्बिनियानला मी काहीही ठेवत नाही. विचारले तेव्हा म्हणाला, "मला वाटा देऊ नकोस, वालबुर्गा. ज्याला वाटा मिळतो त्याची साक्ष कोण मानणार? मला सही करायचीय."

४. मला पुरताना शवपेटीत कथलाचे दागिने घालू नयेत. ते झाडावर शोभतात.

हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला आमच्याकडे जर्मनीत साक्षीदार लागत नाही. तरी भावाचा हट्ट म्हणून खाली जागा सोडली आहे.

वालबुर्गा श्टाइनलेख्नर
डीसेन, ९ ऑक्टोबर २०२३

साक्षीदार: रोझविटा हुंडेगर, शेजारीण.

साक्षीदार: कोर्बिनियान श्टाइनलेख्नर, भाऊ. लिहिणारी पूर्ण शुद्धीवर आहे. आज सकाळीच ती माझ्याशी तासभर भांडली.