एकतीस बायकांची उत्तरे

बीबी, ता. लोणार

प्रिय महामाया,

सप्रेम जयभीम.

तुझा परवाचा फोन आजीने स्पीकरवर लावला होता, म्हणून मीही ऐकला. विद्यापीठाच्या प्रबंधलेखन केंद्रातील बाईंनी तुझ्या प्रकरणाची वाखाणणी केली आणि येत्या सोमवारी तू प्रबंध दाखल करणार, हे कळले. आपल्या घरातील ही पहिली डॉक्टरेट. मी चौथी शिकलेला मनुष्य. छाती पुढे काढून चौकात जाता आले असते. गेलो नाही. त्याचे कारण लिहितो.

मागील हंगामात तुला अचानक विद्यापीठात परत बोलावले, तेव्हा शेतात राबणाऱ्या बायकांच्या आरोग्याविषयीच्या एकतीस प्रश्नावल्या तू माझ्या हाती दिल्यास. प्रत्येकीला संमतिपत्र वाचून दाखवावे, एकेक प्रश्न विचारावा, नाही म्हणेल तिला सोडून द्यावे, हा नीतिसमितीचा नियम तू दोनदा बजावलास. मला ते रुचले नाही. या वस्तीचे तंटे मी आयुष्यभर मिटवले. मला इथे विचारण्यासारखे काय उरले आहे, असे वाटले.

पौर्णिमेला विहारात बायका जमल्या, तेव्हा मी कागद पुढे केले. "तात्या म्हणतात तं कर ना वं सही," एवढ्यावर सह्या-अंगठे झाले. उत्तरे मी घरी बसून तीन दिवसांत लिहिली. कोणाला संशय येऊ नये म्हणून पेने बदलली, अक्षरही मधूनमधून वाकडे काढले. ज्या अक्षरासाठी गुरुजींनी पाठ थोपटली होती, ते मी जाणूनबुजून बिघडवले. 'कामाच्या दिवशी पाणी कमी पिता काय?' हा प्रश्न बायकांना विचारणे मला अनुचित वाटले. एकतीसही ठिकाणी 'नाही' लिहिले.

फोनवर तू म्हणालीस, "आजी, आपल्या गावच्या बायकाइले पाण्याचा काहीच तरास नाही वं!" फोन ठेवल्यावर आजी मला म्हणाली, "कोणाले इचारलं तुम्ही? वावरात आडोसा नसते, म्हणून म्या तीस वर्षं घोटभर पाण्यावर दिवस काढला. मुतखडा काऊन झाला होता मले, काय वाटलं तुम्हाले?" आणि पुढे, "का माह्या कागदावरबी 'नाही'च लिवलं?"

होय. तिच्याही कागदावर तेच लिहिले होते.

आपल्या माणसांच्या वतीने परका कोणी बोलू लागला की मी भर सभेतून उठून जात असे. तू ते लहानपणी पाहिले आहेस. आता तुझ्यासमोर कोणत्या तोंडाने बसावे, हे मला कळत नाही.

हे फोनवर सांगितले असते, तर मला झाकण्यासाठी तू गप्प राहिली असतीस. म्हणून सहीनिशी लिहून देत आहे. हे पत्र मार्गदर्शक बाईंपुढे आणि नीतिसमितीपुढे ठेव. दोष सर्वस्वी माझा आहे. तुला यातील काहीही ठाऊक नव्हते. सोमवारी प्रबंध देऊ नकोस. तुझे वर्ष जाईल, हे मी जाणतो. आजीने घरोघरी जाऊन बायकांना खरे सांगितले आहे. बावीस जणी तुला स्वतः उत्तरे देण्यास तयार आहेत. बाकीच्यांनी नकार दिला. तयार आहेत त्यांची एकच अट आहे: त्या दिवशी तात्या गावात नकोत. तू तारीख कळव. मी आदल्या दिवशीच खामगावला तुझ्या प्रसेनजितकाकाकडे निघून जाईन.

तुझाच आजोबा,
उत्तमराव