गाडी उंच केलीस त्याबद्दल

प्रिय धाकट्या,

तुझा निरोप परवा दुकानात असताना आला. गिऱ्हाइकाच्या चष्म्याची काच घासत होते, ती तशीच हातात धरून वाचला. ‘ताई, अजून किती दिवस राग धरणार? आईला पाठव आता.’ आणि खाली गाडीचा फोटो. तुला माझ्याशी काहीही बोलायचं झालं की मध्ये गाडी लागतेच. उत्तर फोनवर दिलं असतं, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि मी चिडले की आधी रडते आणि मग आठवतं काय बोलायचं होतं ते. म्हणून कागद घेतला. हा तुला मध्येच तोडता येणार नाही.

बाबांच्या हातात होती तेव्हा त्या गाडीला कोणी ढुंकून बघत नव्हतं. पांढरी पिकअप, मागच्या हौद्यात कायम ओली माती, दोन-चार फुटक्या कुंड्या आणि एक झारी. आपल्या रोपवाटिकेतली सगळी रोपं तिच्यातून गेली, आपण दोघं शाळेत तिच्यातून गेलो, आणि आई जिथे जायची तिथे तिच्यातूनच गेली. आई गाडीत कशी बसायची ते तुला आठवतं का? गाडीकडे पाठ करायची, सीटच्या कडेवर टेकायची, एक सुस्कारा टाकायची आणि मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायची. गुडघे दुखायला लागले तेव्हा तिचं तिनेच शोधून काढलं होतं. कोणाचा हात लागायचा नाही. बाबा इंजिन सुरू करून समोर बघत बसायचे, ती आत आली की नाही हेही बघायचे नाहीत. तेव्हा मला ते कोरडेपण वाटायचं. आता वाटतं, त्यांना बरोबर कळलं होतं.

बाबा गेले आणि गाडी तुझ्या नावावर झाली. मी इथे, तू तिथे. आठवड्याचा एक फोन, त्यातही ‘जेवलीस का’, ‘जेवलो’ यापलीकडे आपल्याकडे बोलायला काही उरलं नव्हतं. मग एक दिवस तू चाकांचे फोटो पाठवलेस. कुठलं चांगलं दिसतं म्हणून विचारलंस. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी मी तासभर बघत बसले, कारण कित्येक महिन्यांनी तू मला काहीतरी विचारत होतास. तिथून सहा महिने आपण दुसरं काही बोललोच नाही. काळी की चंदेरी, पाच दांड्यांची की आठ. रस्त्याचे टायर की चिखलाचे. चाक मडगार्डच्या आत राहिलेलं बरं की दोन बोटं बाहेर आलेलं. तू मला शॉक अॅब्जॉर्बर म्हणजे काय ते समजावलंस, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांखाली ठोकळा घालून गाडी कशी उचलतात ते वहीच्या पानावर काढून पाठवलंस. दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी तेच बघत बसायचे. मालकीणबाई विचारायच्या, गाडी घेताय का हो? मी सांगायचे, भाऊ घेतोय. अभिमानाने सांगायचे.

आणि तू जेव्हा विचारलंस, ‘ताई, टायर थोडे मोठे घेऊ की जास्त मोठे?’ तेव्हा मीच म्हटलं होतं, घेतोयस तर मोठेच घे, शोभतील. हे मी विसरलेले नाही. तू भांडणात मला हे ऐकवलं नाहीस याचं मला आजही नवल वाटतं. कदाचित तुझ्या लक्षातही नसेल. माझ्या आहे.

पण धाकट्या, तुला योग्य सल्ला देणारा माणूसही भेटला होता. नाक्यावरचा म्हातारा टायरवाला. बाबांच्या वेळेपासून त्या गाडीच्या चाकांना दुसऱ्या कोणाचा हात लागला नव्हता. तूच मला हसत हसत सांगितलं होतंस तो काय म्हणाला ते. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, हौद्याच्या फळीवर हात ठेवला आणि म्हणाला, ‘ही कामाची गाडी आहे. वजन पेलणारे टायर घाल, चारही शॉक नवे बसव, मागे एक पाटा वाढव. उंची वाढवू नकोस. कुंड्या चढवणाऱ्यांच्या कमरा जातील, आणि तुझी आई कशी बसणार?’ तू त्याची नक्कल फार छान केली होतीस, त्याच्या घशातल्या खरखरीसकट. मीही खूप हसले. मग तू त्या नव्या, भिंतभर आरसे लावलेल्या टायरच्या दुकानात गेलास. तिथे तुला कोणी आईबद्दल विचारलं नाही.

गाडी साडेचार इंच वर गेली. दीड इंच टायरचे, तीन खाली घातलेल्या ठोकळ्यांचे. हिशेब तूच दिला होतास. पहिला फोटो आला त्यात आई गाडीशेजारी उभी होती. पूर्वी सीट तिच्या मांड्यांशी लागायची, आता थेट कमरेशी आली होती. ती हसत होती. तुझ्या वहिनीने, म्हणजे शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी, काढला होता ना तो फोटो? तू त्यांना वहिनी म्हणतोस म्हणून मीही म्हणते. त्यांनीच मला पुढचं सांगितलं, तू नाही. आईला त्या दिवशी बाजारात जायचं होतं. तिने सवयीने गाडीकडे पाठ केली आणि सीटवर टेकायला गेली, तर सीट तिथे नव्हतीच. तिचं डोकं दाराच्या कडेवर आपटलं. तू धावत आलास, ‘अगं थांब, मी आहे ना’ म्हणालास, आणि काखेत दोन्ही हात घालून तिला उचलून आत ठेवलंस. खताचं पोतं ठेवतात तसं. रोपवाटिकेतले सगळे कामगार बघत होते. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. तू वाकून मुजरा केलास. आई पण हसली. त्या कामगारांना ती पंचवीस वर्षं कामं सांगत आली आहे, आणि त्यांच्यासमोर तिचे पाय हवेत लटकत होते.

तुझ्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला कळतं. तुला वाटलं, आईला आपण उचलू शकतो एवढे आपण मोठे झालो. पण आई त्या दिवसानंतर त्या गाडीत बसली नाही, आणि हे तुझ्या लक्षात यायला वर्ष लागलं. नाही, चुकलं. तुझ्या लक्षात आलंच नाही, मी सांगितलं तेव्हा कळलं.

फोनवर ती मला सांगायची, ‘डॉक्टर म्हणालेत चालायला, म्हणून चालत जाते.’ मग सांगायची, ‘बाजारात हल्ली काही चांगलं मिळत नाही, तोच घेऊन येतो.’ मग, ‘गुडघ्याच्या व्यायामाला जायचं सोडलं, त्या बाई फार बडबड्या आहेत.’ एकेक ठिकाण गळत गेलं आणि मी प्रत्येक वेळी बरं म्हटलं. इतकी वर्षं लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढते मी, धाकट्या. जवळचं दिसत नाही म्हणून आलेल्या माणसांना रोज धीर देते.

मग मावशीचं आजारपण. तिचं शेवटचं आहे हे सगळ्यांना माहीत होतं. तिचं गाव तुझ्याकडून तासाच्या अंतरावर, माझ्याकडून दिवसभराच्या. तू मला फोन केलास, ‘मी उद्या सकाळी आईला घेऊन जातो.’ मी निश्चिंत झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं की तू एकटाच गेलास, आईचं पोट बिघडलं होतं. तिसऱ्या दिवशी मावशी गेली. दोघी बहिणींची भेट झाली नाही. मी आईवर चिडले होते, तुला माहीत आहे? मनात म्हटलं, सख्खी बहीण जातेय आणि ही पोटाचं काय घेऊन बसली.

खरं काय झालं ते आईने मला इथे आल्यावर सांगितलं, तेही महिन्याभराने, भाजी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता. त्या सकाळी ती पाचला उठून तयार झाली होती. मावशीला द्यायला तिने स्वतःच्या हाताने लावलेलं गुलाबाचं रोप घेतलं होतं. तू आत चावी शोधत होतास, तेवढ्यात ती गाडीपाशी गेली. तुला कळायच्या आत आपलं आपण चढून बसू, असं तिने ठरवलं होतं. दाराची कडी धरली, एक पाय वर टाकला, तो पोचला नाही. दुसरा टाकून पाहिला. मग दोन्ही हातांनी सीट धरून स्वतःला वर ओढायला गेली आणि गुडघ्यावर पडली. पाणी घालणारा गडी बघत होता. तो धावला तेव्हा तिने त्याला हातानेच थांबवलं. तू बाहेर आलास, तोवर ती उठून उभी होती. तू म्हणालास, ‘चल, उचलतो.’ ती म्हणाली, ‘तू जा, माझं पोट बिघडलंय.’ मावशीच्या दारात सगळे नातेवाईक, जावई, शेजारी उभे असणार आणि त्यांच्यासमोर तू तिला काखेत धरून उतरवणार, हे तिच्या डोळ्यांसमोर आलं होतं. मला म्हणाली, ‘मला वाटलं, अजून आठ-दहा दिवस आहेत तिच्याकडे. तोवर काहीतरी सुचेल.’

मावशीच्या घरी आपण भांडलो तेव्हा मला यातलं अर्धंही माहीत नव्हतं. मला वहिनींनी फक्त त्या मुजऱ्याचं सांगितलं होतं, आणि आई तिथे भाड्याच्या मोटारीतून आलेली मी पाहिलं होतं. तुझी गाडी बाहेर उभी असताना. मी विचारलं तर तू म्हणालास, ‘तिने मला कधी सांगितलंच नाही.’ खरं आहे. तिने सांगितलं नाही. तू सहा महिने त्या गाडीची एकेक गोष्ट निवडलीस. कुठला टायर कुठल्या मातीत किती रुतेल ते तुला पाठ होतं. टायर घासतो म्हणून मडगार्ड कापलंस, दिवे खाली बघायला लागले म्हणून ते वर केलेस. गाडीला तिची एकही तक्रार तुला तोंडाने सांगावी लागली नाही. मी हे तेव्हा ओरडून म्हटलं, चारचौघांत, सुतकाच्या घरात. त्याबद्दल मला वाईट वाटतं. म्हटलं त्याबद्दल नाही.

आणि त्याच पावली मी आईला घेऊन निघाले. जिंकल्यासारखी. आता माझंही ऐक, कारण एवढं तुला सुनावल्यावर हे लपवलं तर मी तुझ्याहून वाईट ठरेन. माझं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट आहे म्हणून मी कधी विचारच केला नाही. आई आल्यावर दुसऱ्या महिन्यात लिफ्ट बंद पडली. दुरुस्तीवाला येतो, डबा उघडून बघतो, सुटा भाग मागवलाय म्हणतो आणि जातो. आज एकोणतीस दिवस झाले. जिना उतरताना आईला पंधरा मिनिटं लागतात आणि चढताना ती प्रत्येक वळणावर भिंतीला टेकते, म्हणून ती उतरतच नाही. मी सकाळी जाते, संध्याकाळी येते, तेव्हा ती त्याच खुर्चीत असते. गॅलरीत तिने तीन डबे ठेवून काहीतरी पेरलंय, त्यावर दिवसातून दहा वेळा पाणी शिंपडते. परवा म्हणाली, ‘कुजतील बिचारी, पण मला दुसरं काम काय?’ तुझ्या गाडीत चढता येत नाही म्हणून मी तिला इथे आणलं, आणि इथून तिला उतरता येत नाही. तू निदान सहा महिने विचार केला होतास. मी तेवढाही केला नाही.

तर तुझा निरोप. तो मी आईला दाखवणार नव्हते. पण फोन टेबलावर राहिला आणि तिने फोटो पाहिला. दाराखाली तू ते काळं नळीचं पायदान बसवलंयस, ते तिने बोटांनी मोठं करून बघितलं. मग म्हणाली, ‘मी जाते.’ मी दोन दिवस तिच्याशी वाद घातला. ‘आई, तो तुझी फसवणूक करतोय, त्याला फक्त रोपवाटिकेत माणूस हवंय, पुन्हा तेच होईल,’ सगळं बोलले. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘तुझ्यावर माया कमी आहे म्हणून नाही गं. तिथे मला काम आहे.’ आणि मग, ‘त्याला लिही, ते पायदान फार वर आहे.’ मला ते लिहायचं नव्हतं. काल तिने माझ्याकडून जुनी मासिकं जमिनीवर रचून घेतली आणि चौकट धरून एकेक पाय ठेवून पाहिला. बारा इंचांवर पाय पोचला नाही. अकरावर पोचला, पण अंग वर येईना. नऊ इंचांवर ती चढली, हात सोडून उभी राहिली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, ‘मोजलंस?’ मी मोजलं. हे पत्र मी त्यासाठी लिहितेय, बाकी सगळं रागाने आपोआप आलं. नऊ इंच. तुझी नळी जमिनीपासून सतरा इंच तरी असेल. ती शोभेची आहे, काढून टाक. दोन रुंद पायऱ्या कर, नऊ-नऊ इंचांवर, पूर्ण पाऊल मावेल अशा, आणि आतून धरायला एक मजबूत दांडी. नाक्यावरच्या त्या म्हाताऱ्याकडून करून घे, आणि जाशील तेव्हा त्याची नक्कल करू नकोस. झालं की कळव, मी तिला आणून सोडीन. आणि पहिल्या दिवशी ती चढायला लागेल तेव्हा तिला हात लावू नकोस, धाकट्या. कितीही वेळ लागू दे. इंजिन सुरू कर आणि समोर बघत बस.

तुझीच, अजून रागावलेली,
ताई