इक्बालभाईंचं लॉगिन

मंगळवार, संध्याकाळ

इक्बालभाईंना कंपनीने शुक्रवारी काढलं आणि त्यांचं लॉगिन डेटाबेसमधून उडवायला साहेबांनी आज मलाच सांगितलं. मला हे काम ज्यांनी शिकवलं, त्यांचं. कमांड दिली तर सिस्टिम नाहीच म्हणाली. या यूजरच्या मालकीची टेबलं, म्हणजे डेटाचे तक्ते, आहेत म्हणे. असणारच, सगळी त्यांनीच तर बनवलेली.

साहेब म्हणाले, "मग तुझ्या नावावर कर ना. टेन्शन काय त्यात?"

केली. सगळी टेबलं माझ्या नावावर. मग लॉगिन उडालं. सगळं पूर्वीसारखं चालतंय ना म्हणून टेस्ट घेतल्या, सगळ्या पास.

पावण्याच्या ऑफिसातून घरी येताना इक्बालभाईंचाच फोन. "माझं लॉगिन काढलंस ना? कुठे अडलं का?"

"नाही, सगळं नीट चाललंय," मी म्हटलं.

"बरं झालं," ते म्हणाले.

अडलं तर होतं, त्यांनीच बनवलेल्या टेबलांपाशी. तेवढं सांगायला माझं काय जात होतं?