विमानाखालची वॅगन

हैदराबाद
३ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
सविनय जयभीम वि. वि.

पोहोचल्याचा फोन वहिनीला केला होताच. पण वॅगनबद्दल बोलायचं तर तुला पत्रच लिहावं लागतं. चौतीस वर्षं तुमसर रोडच्या यार्डात चाकांवर हातोडा मारून तू कान घालवलेस, आणि फोनवर न ऐकताच हो-हो म्हणतोस. त्यापेक्षा हे बरं, पार्सलही जातं आणि पत्रही.

सोबतच्या खोक्यात विमानाची दोन धडं, पंखांची एक जोडी आणि एक शेपूट आहे. विजयादशमीला घरी आणलं होतं त्याच मापाचं, खऱ्याच्या सत्त्याऐंशी पट लहान. परदेशात अशी धडं मालगाडीवरून नेतात, हिरवा लेप दिलेली, पंख न लावलेली. आमच्या कारखान्यात मी रोज खरे भाग तपासते, तेव्हा मनात आलं, की हे आपल्या वॅगनवर चढवलं तर कसं दिसेल. आपल्याकडे असं जात नाही, पण टेबलावरच्या रेल्वेत जायला कोण अडवतं?

जानेवारीत आमच्या मॉडेल क्लबचं प्रदर्शन आहे. चार सपाट वॅगन तू करून दे. ब्रेकचे पाइप, हातब्रेकचं चाक, फळ्या, गंज, अक्षरं, सगळं तुझ्या पद्धतीनं. क्लबातला प्रफुल्ल म्हणतो, की गंजाची आता तयार पावडर मिळते, पाच मिनिटांत काम होतं. एक बाटली ठेवली आहे, वापरून बघ.

वहिनीला जयभीम. लोभ आहेच, तो या पार्सलासारखा घट्ट बांधून ठेव.

तुझी
करुणा

---

देव्हाडी (तुमसर रोड)
१७ नोव्हेंबर २०२४

चि. करुणा हिस,
अ. उ. आ. व जयभीम.

खोकं मिळालं. शेपटाचं टोक वाकलं होतं, ते सरळ केलं. बाटली पण मिळाली, खिडकीत ठेवली आहे. गंज कसा असते ते मले बाटलीतून शिकायचं राहिलंच होतं. मी यार्डातला खरा गंज आणि चिखल्याच्या खाणीतल्या मॅंगनीजची भुकटी खलबत्त्यात कुटून लावतो, आणि तुझी वहिनी त्या खलबत्त्यासाठी माझ्याशी भांडते. प्रफुल्लले म्हणा, आमचं पाच मिनिटांत होत नाही.

एक लिहितो, रागावू नको. विजयादशमीले तू ते हिरवं धड टेबलावरच्या वॅगनवर ठेवलं, आणि राइस मिलमधला मोतीलाल खुर्ची ओढून बसला. बारा वर्षांपासून तो माझ्या वॅगना पाहून राहिला, पण बसला नव्हता कधी. अर्धा तास विचारत होता, की खिडक्या कुठं लागतात, पंख कसे जोडतात. ते धड ज्या वॅगनवर होतं ती मी पंधरा दिवस घासली होती. तिच्याकडे त्यानं एकदाच पाहिलं, चहाचा कप टेकवायले जागा आहे का म्हणून. काल पुन्हा आला आणि विचारते, करुणाचं विमान आलं का. मी म्हटलं, वॅगन व्हायची आहे अजून.

तुझी वहिनी म्हणते, की मी उगाच वाढवून लिहून राहिलो. असेल. थंडी पडली आहे, धान कापणं चालू आहे, रस्त्यानं ट्रॅक्टरच ट्रॅक्टर. तब्येत सांभाळ. आमची आठवण कारखान्याच्या कामातून उरली तर असू दे.

तुझा
दादा

---

देव्हाडी
२२ डिसेंबर २०२४

चि. करुणा हिस,
अ. उ. आ. व जयभीम.

चारही वॅगन पाठवून राहिलो. फळ्यांसाठी बांबू चिरला. ब्रेकचे पाइप जळलेल्या मोटरीच्या तारेचे. धडं लाकडी घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, बसवली, ती हलू नयेत म्हणून वरून साखळ्या टाकल्या. त्या तुझ्या वहिनीच्या तुटलेल्या झुमक्याच्या आहेत. तिले नवीन झुमके द्यायचं कबूल केलं तेव्हा मिळाल्या. अक्षरं तीन केसांच्या ब्रशनं काढली. भिंगाशिवाय वाचता येत नाहीत, आणि वाचायले कोण बसलं आहे.

प्रदर्शनाचं कार्ड तू वहिनीच्या फोनवर पाठवलं ते तिनं दाखवलं. ‘विमानभागांची मालगाडी, करुणा खोब्रागडे.’ छपाई सुरेख आहे. नाव एकच आहे.

उघडताना खोकं आडवं करू नको. इकडचं सगळं ठीक.

हेमराज

---

हैदराबाद
२७ जानेवारी २०२५

ती. दादास,
सविनय जयभीम वि. वि.

प्रदर्शन झालं. आधी वाईट ते सांगते, कारण चूक माझी आहे.

पहिल्या दिवसापासून आपल्या टेबलाशी सगळ्यांत जास्त माणसं. लोक हिरवी धडं बघून येत आणि मग वाकून खालीच बघत राहत. एका बाईनं फळीवर बोट फिरवलं, लाकूड खरं आहे का म्हणून. पहिला क्रमांक आपलाच, असं प्रफुल्लही म्हणत होता.

परीक्षक पुंडलिकराव नावाचे गृहस्थ होते, मूळचे नागपूरचे, तुझ्यासारखेच वॅगन तपासून निवृत्त झालेले. त्यांनी खिशातून भिंग काढलं आणि चारही वॅगन वाचल्या. तिसरीजवळ थांबले. तिच्यावर पुढच्या मोठ्या दुरुस्तीची तारीख मार्च २०२४ आहे. आणि मी शहाणीनं तिच्यावर चढवलेल्या पंखांच्या पेटीवर गंमत म्हणून जानेवारी २०२५ची पाठवणी लिहिली होती. ते म्हणाले, की मुदत उलटून दहा महिने झालेली वॅगन गाडीतून काढून बाजूला लावतात, तिच्यावर कोणी विमानाचा माल चढवत नाही.

मी भांडले, दादा. सगळ्यांसमोर. मी म्हटलं, की माझ्या भावानं चौतीस वर्षांत मुदत गेलेली एक वॅगन पुढे जाऊ दिली नाही, तो तारखेत चुकणार नाही, त्यानं जुना काळ धरून लिहिलं असणार, माझी पेटीच चुकली आहे. त्यांनी शांतपणे ऐकलं, पण गुण कापले. पहिला क्रमांक प्रफुल्लच्या दुधाच्या टँकरांना गेला.

तुला न विचारता मी ते साल लिहिलं आणि तुझ्या कामाला बोल लागला. मला माफ कर. क्लबच्या कार्डावर फक्त सभासदाचं नाव छापतात, म्हणून टेबलावर मी दुसरं कार्ड हातानं लिहून ठेवलं होतं : ‘वॅगन : हेमराज खोब्रागडे, तुमसर रोड.’ अक्षर तुझ्यासारखं आलं नाही.

लोभ कमी करू नकोस, या वेळी तर मुळीच नको.

तुझी
करुणा

---

देव्हाडी
९ फेब्रुवारी २०२५

चि. करुणा हिस,
अ. उ. आ. व जयभीम.

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. रोज लिहायले बसतो आणि उठतो. तू माफी मागू नको. तुझ्या पेटीत काही चूक नाही. तारीख मी मुद्दाम टाकली.

तिसऱ्या वॅगनवर मी आधी मार्च २०२७ लिहिलं होतं. रंग सुकला होता. त्या दुपारी तुझ्या वहिनीनं फोनवर ते कार्ड दाखवलं. मी कार्ड पाहिलं, उठलो, स्पिरिटचा बोळा घेतला, सात पुसला आणि चार काढला. हात जरासाही हलला नाही. हेच मले आता जास्त लागते.

मले वाटलं, की कोणीतरी रेल्वेचा माणूस वाचेल, तुले विचारेल, तुले उत्तर येणार नाही, आणि तेव्हा तुले समजेल की खालचं काम कोणाचं आहे. तू माझ्यासाठी भांडशील हे डोक्यात आलंच नाही. आणि इकडे तू माझं नाव आपल्या हातानं लिहून ठेवलं होतं.

मले तुझा हेवा वाटते, करुणा. आज लिहून टाकतो. वॅगन करायले तुले मीच शिकवलं. तू शिकत गेली तसं मले बरंही वाटलं आणि टोचतही गेलं. तुझ्या सहीशिवाय तिकडे विमानाचा पंख पुढे जात नाही. मी जन्मभर चाकाखाली वाकलो, गाडी सुटली की माझं काम कोणाले दिसत नव्हतं. घरी टेबलावर तरी दिसावं म्हणून या वॅगना करत होतो, आणि तिथंही तुझं विमान येऊन बसलं. यात तुझा काही दोष नाही. पण वाटते ते असं आहे.

आता काय मागू ते समजत नाही, म्हणून काही मागत नाही.

हेमराज

---

देव्हाडी
१६ मार्च २०२५

करुणाताईस,
चंद्रकांताचा जयभीम.

मी कधी पत्र लिवत नाई, तर चूकभूल पोटात घाला. महिना झाला, तुमचं ना पत्र ना फोन. तुमच्या दादानं वॅगना करनं सोडलं हाय. टेबलावर फडकं टाकून ठेवलं. मोतीलालभाऊ आले तर त्याईले सांगतात, का डोळे दुखून राहिले. भाजीत मीठ कमी झालं तरी बोलत नाईत, आधी एक दिवस सुटत नव्हता. परवा मीच मीठ टाकाचं इसरली, चुपचाप जेवून गेले. तवा मले भेव वाटला.

काय केलं ते त्याईनं मले सांगतलं. मी म्हटलं, का बासष्ट वर्साचे झाले आन् लहान पोट्ट्यावानी करता. त्याईची बाजू मी घेत नाई, चुकले ते. पन तुमी चूप बसू नका. रागवा, चांगल्या रागवा, पन लिवून रागवा.

आन् हेव्याचं म्हनान तर मलेही वाटते. तुमी दोघं त्या इवल्याशा चाकाईवर पानंच्या पानं लिवता. माह्या नावानं या घरात कधी दोन ओळी आल्या नाई. तुमी उत्तर देसान तं पाकिटावर माहं नाव टाका.

उन्हाळा लागला. येताना-जाताना पानी पीत जा. माया ठेवा.

तुमची वहिनी
चंद्रकांता

---

हैदराबाद
६ एप्रिल २०२५

दादा,
जयभीम.

पाकिटावर वहिनीचं नाव घातलं आहे, पाकीट तिनंच उघडावं. आतलं दुसरं पत्र तिचं, दोन पानं आहेत. तुझं हे एवढंच.

पहिला क्रमांक गेला त्याचं वाईट दोन दिवस वाटलं, मग गेलं. पण मी पुंडलिकरावांना जे सुनावलं ते क्लबातले लोक अजून मला म्हणून दाखवतात, हसत. ‘माझा भाऊ चुकणार नाही.’ मी पण हसायचे. तुझं पत्र आल्यापासून मला हसता येत नाही. कार्डावर एकच नाव का, असं तू मला एका ओळीत विचारलं असतंस तर पुरलं असतं.

मला हेवा कळत नाही असं समजू नकोस. त्या संध्याकाळी प्रफुल्लचे टँकर टेबलावरून खाली ढकलून द्यावेत असं मला वाटलं होतं. चांगलं जवळ जाऊन उभीही राहिले होते. पण ढकलले नाहीत.

खरं काय ते मी कोणाला सांगितलेलं नाही. वॅगन तशीच ठेवली आहे. तारीख मी दुरुस्त करणार नाही, दुसऱ्या कोणाला करू देणार नाही. आठ जूनला क्लबची बैठक आहे. ब्रश घेऊन ये, काय झालं ते तूच सांग, आणि सगळ्यांसमोर दुरुस्त कर. यायचं नसेल तर तसं लिही.

लोभाचं या वेळी लिहीत नाही.

करुणा

---

देव्हाडी
१५ जून २०२५

चि. करुणा हिस,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

सुखरूप पोहोचलो. तू दिलेली दशम्यांची पुडी बल्लारशाहपर्यंतच पुरली. तुझ्या वहिनीनं तुझी ती दोन पानं कपाटात ठेवली आहेत. मले वाचायले दिली नाहीत, आणि मी मागितली पण नाहीत.

बैठकीत तू तिथंच होती, तरी माझ्या बाजूनं कसं झालं ते लिहितो. गाडीत बसल्यापासून मनात वाक्यं जुळवत गेलो होतो. तिथं उभा राहिलो तर एकही आठवलं नाही. मग सरळ सांगतलं, की सात होता, मी चार केला, बहिणीवर जळून केला. प्रफुल्ल खाली पाहत होता. तो पोरगा मले वाटला तसा नाही. पुंडलिकराव मात्र उठून जवळ आले. ते म्हणाले, “मुदत गेलेली वॅगन चांगली म्हणून दाखवणारे मी पुष्कळ पाहिले. चांगल्या वॅगनले मुदत गेलेली करणारे तुम्हीच पहिले.” मग हसले, आणि आपलं भिंग माझ्या हाती दिलं.

चार पुसताना हात थरथरला. डिसेंबरात थरथरला नव्हता. सात वाकडा आला. पुन्हा काढू का म्हणून तुझ्याकडे पाहिलं, तर तू मान हलवून नको म्हटलं. तो तसाच राहू देशील ना?

नंतर तू नवीन केलेल्या विमानाच्या शेपटाबद्दल सांगून राहिली होती, वीस-पंचवीस माणसं तुझ्याभोवती. मी मागं पाण्याच्या पिंपाजवळ उभा होतो. हेवा गेला असं खोटं लिहीत नाही. तिथंही वाटला. तितक्यात बाजूच्या एका गृहस्थानं मले विचारलं, की ह्या बाई कोण. मी सांगतलं, माझी बहीण. एवढंच सांगतलं, पण आवाज इतका मोठा निघाला की सगळी माणसं वळली. तू पण वळली. तुले वाटलं मी हाक मारली, म्हणून तू बोलणं अर्धं सोडून माझ्यापर्यंत आली आणि विचारलं, काय पाहिजे.

तेव्हा मी काही नाही म्हटलं. खरंच काही नव्हतं पाहिजे.

पत्र लिहीत राहा. लोभाचं तू लिहिशील तेव्हा वाचीन.

तुझा
दादा