एका बोटाने फिरणारं चाक

१३ जुलै, रविवार. पाम.

सुजीत आज मुरब्याहून पिकअप घेऊन आला. सुजीत म्हणजे विजयाचा धाकटा भाऊ, माझा मेव्हणा. पावसाळ्यात मासेमारी बंद, गाडीला काम नाही, आणि समुद्राकाठी खारा वारा पत्रा खातो. म्हणून बंदीच्या दिवसांत तिकडच्या गाड्या आतल्या गावांत नातेवाइकांकडे येतात. दर वर्षी ही गाडी सुजीतच्या साडूकडे असते. यंदा साडूच्या शेडचे पत्रे उडाले म्हणून आमच्याकडे आली. माझ्या मते पत्रे हे निमित्त आहे. खरं कारण माझा दुरुस्तीतला हात.

सुजीत म्हणाला, भावोजी, कायच करू नका, निस्ती आठवड्यातून येकदा चालू करून ठेवा. मग जाता जाता बोलला की वळणावर मागून कटकट आवाज येतो, पण बोईसरचा मिथुन मेकॅनिक म्हणालाय, मोसमाआधी मागचं ऑईल बदललं की झालं. हे त्याने सहज सांगितलं. मी सहज ऐकलं नाही.

नोंद असावी म्हणून लिहितो. गाडीला मागे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल आहे. साध्या गाडीचं एक चाक रेतीत फसलं की तेच गरगर फिरत बसतं आणि दुसरं नुसतं उभं राहतं. या गाडीत आतल्या चकत्या दोन्ही चाकांना धरून ठेवतात, म्हणून ती किनाऱ्यावरच्या रेतीतून माल भरून बाहेर निघते. ही माहिती गाडीच्या पुस्तकातून उतरवली आहे. मला ती आधीही असणारच.

१४ जुलै, सोमवार.

संकल्प: नारळी पौर्णिमेच्या आत डिफरन्शियल पूर्ण उघडून, तपासून, दुरुस्त करून सुजीतला सरप्राइज देणे. नुसतं ऑईल बदलणं हा वरवरचा उपाय. तारापूरच्या कंपनीत मेंटेनन्समध्ये चोवीस वर्षं काढलेल्या माणसाला तो शोभत नाही.

काम जबाबदारीचं आहे. मुरब्यात एक रीत आहे. पौर्णिमेनंतर बोट पहिलं म्हावरं घेऊन येते, तेव्हा जी गाडी पहिली खेप नेते, तीच त्या बोटीची मोसमभराची गाडी. बन्सी तांडेलाच्या बोटीवर सुजीतचं घर चालतं.

विजयाला संकल्प सांगितला. ती म्हणाली, माझ्या माहेरची एक तरी वस्तू धड परत जाऊ दे. रोख तिच्या आईच्या शिलाई मशीनकडे होता. ते मशीन आज फक्त उलटं शिवतं हे मान्य, पण शिवतं.

१६ जुलै, बुधवार. सकाळी १०.

तपासणी. पुढच्या चाकांना विटा लावल्या. मागचं एक चाक जॅकवर उचललं, दुसरं जमिनीवर. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. उचललेलं चाक हाताने फिरवून पाहिलं. फिरेना. दोन्ही हात लावले, मग पाय लावला. बोटभर सरकलं आणि माझ्या कमरेत कळ आली.

निदान: जॅम.

यूट्यूबवर खात्री करून घेतली. अमेरिकन म्हातारा, पांढरी दाढी, हात संशय यावा इतके स्वच्छ. त्यानेही असंच एक चाक उचललं. पुढे काय झालं ते कळलं नाही, कारण आठव्या मिनिटाला लाइट गेली आणि पाठोपाठ नेटवर्क गेलं. उरलेला भाग अनुभवाने भरून काढला.

१९ जुलै, शनिवार.

कंबर. तीन दिवस आडवा. पडल्या पडल्या सगळ्या पान्यांची यादी केली, प्रत्येकाला नंबर दिला, चिठ्ठ्या बांधल्या. विजया म्हणाली, हे मात्र तुम्हाला छान जमतं. त्यातला 'मात्र' टाळता आला असता.

२१ जुलै, सोमवार.

ऑईल काढलं. काळं आणि वास भयंकर. शेजारच्या बाईंनी भिंतीवरून विचारलं की गॅस लीक झालाय का. विजयाने ऑईलखाली ठेवलेलं पातेलं ओळखलं. ते मोदकांचं होतं. मला सगळी पातेली सारखीच दिसतात.

२४ जुलै, गुरुवार.

एक्सल ओढून काढले. इंजिनकडून येणारी दांडी सोडली. आतला डिफरन्शियलचा लोखंडी गोळा एकट्याने उतरवायचा होता, पण गोळ्याने स्वतःच घाई केली. खाली गादी अंथरलेली असल्यामुळे नुकसान शून्य. गादी जुनी होती. विजयाच्या मते नव्हती.

२७ जुलै, रविवार.

आज गोळा उघडला. ऐतिहासिक दिवस. आत दातेरी चाकं, आणि दोन्ही बाजूंना चकत्यांची चळत, एकीवर एक घट्ट दाबून बसवलेली. दाबून धरायला मध्ये एक स्प्रिंग. ती मी काढली नाही, ती निघाली. शेजारच्या दुधीच्या वेलात सापडली.

चकत्या एकमेकींवर घासत असल्याच्या स्पष्ट खुणा आहेत. म्हणजे हेच. चाक फिरत का नव्हतं, ते आता कोणालाही कळेल. घर्षण हा यंत्राचा शत्रू, असा बोर्ड कंपनीत माझ्या खिडकीसमोरच होता. चोवीस वर्षं रोज वाचला.

३० जुलै, बुधवार.

जोडणी पूर्ण. प्रत्येक चकतीला दोन्ही बाजूंनी सढळ हाताने ग्रीस चोपडलं. झाकण बसेना, म्हणून चार चकत्या बाहेर ठेवल्या. त्यांच्यावाचून काही अडलं नाही, म्हणजे त्या जादा होत्या. कंपन्या असं करतात. स्प्रिंगही घातली नाही. उगाच ताण कशाला.

निघालेला माल बिस्किटाच्या डब्यात ठेवला.

१ ऑगस्ट, शुक्रवार. सकाळी ८.

चाक जॅकवर. मी एक बोट लावलं. एकच. चाक फिरलं, फिरतच राहिलं. मी सतरा फेऱ्या मोजल्या. विजयाला स्वयंपाकघरातून बोलावून दाखवलं. ती म्हणाली, बराच वेळ फिरतंय खरं. डोळ्यांत पाणी आलं. माझ्या.

दुपारी ३.

नेटवर्क आलं. उरलेला व्हिडिओ पाहिला. म्हातारा म्हणतो की उचललेलं चाक हाताला फिरत नसेल तर डिफरन्शियल ठणठणीत आहे, आणि सहज फिरत असेल तर खलास.

दुपारी ३.४०.

विचार केला. अमेरिकेत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. तिथल्या तपासणीचा निकाल इथे उलटा येणार हे उघड आहे. व्हिडिओ बंद केला.

३ ऑगस्ट, रविवार.

ट्रायल. पाम ते बोईसर. वळणावर कटकट अजिबात नाही. गाडी लोण्यासारखी.

मिथुनच्या गॅरेजसमोर मुद्दाम हळू केली. त्याने विचारलं, अंकल, ऑईल बदल दिया क्या. मी सांगितलं की आपण वरवरची कामं करत नाही, पूर्ण खोलून केलं. त्याचा चेहरा पडला. एका मेकॅनिकला दुसऱ्याचं कौतुक करणं जड जातं. तो म्हणाला, दोन मिनटं थांबा, एक चाक उचलून बघतो. मी म्हटलं, वेळ नाही. वेळ होता.

८ ऑगस्ट, शुक्रवार. नारळी पौर्णिमा. मुरबे.

गाडी धुऊन, हार घालून सकाळी सासुरवाडीला पोचवली. सुजीतने गल्लीत एक वळण घेतलं आणि थांबला. म्हणाला, आवाज गेला की वं! पूजा झाली, बोटींना नारळ वाढवले, गाडीलाही एक वाढवला. जेवायला नारळीभात.

विजयाने चारचौघींत सांगितलं, यांनी केली दुरुस्त. सासूबाईंनी मला दुसऱ्यांदा भात स्वतः वाढला. शिलाई मशीनचा विषय कोणी काढला नाही. बरं वाटलं. खरं म्हणजे फार बरं वाटलं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, विजया माहेरी माझ्याबद्दल बोलताना मान वर करून बोलली ती आज.

११ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ९.३०, मुरबे.

पहिल्या खेपेसाठी मुद्दाम आलो. विजयाही आली. बन्सी तांडेलाची बोट दिसते आहे. सुजीतने गाडी रेतीवर उतरवली. मी शेजारच्या सीटवर, तांत्रिक सल्लागार म्हणून.

१०.४०.

क्रेट चढताहेत. पापलेट मोठं आहे. तांडेल खूश.

११.०५.

गाडी निघेना. डावं चाक रेतीत गरगर फिरतं आहे. उजवं स्वस्थ. सुजीत उतरून दोन्हीकडे बघून आला. म्हणाला, आसं ती कदी करत नाय. मी म्हणालो, यंदा रेती वेगळी आहे.

११.३०.

डावं चाक अर्धं आत. पौर्णिमेचं उधाण, पाणी जोरात चढतं आहे. मी ॲक्सिलरेटर हळू द्यायचा सल्ला दिला. मग जोरात द्यायचा.

११.५०.

पाणी मागच्या चाकाला लागलं. विजया माझ्या हातातली वही घेऊन दोर दे…

संध्याकाळी ७. घरी.

वही परत मिळाली. ओली आहे.

गाडी निघाली. बोट ओढायचा जाड दोर लावून अर्ध्या गावाने ओढली. त्याआधी क्रेट उतरवून बायकांनी डोक्यावरून वर नेले. विजयाने सात खेपा केल्या. सासूबाईंनी दोन. वर रस्त्यावर माकुणसारच्या कोणाची तरी पिकअप उभी होती, माल तिच्यात गेला. बन्सी तांडेल सुजीतच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, पोरा, राग नको धरू, पन रीत ती रीत. सुजीतने मान हलवली. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.

रिक्षात विजयाच्या केसांतून माशांचं पाणी मानेवर उतरत होतं. मी रुमाल पुढे केला. घेतला नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार.

शांतपणे विचार केला. रेती जास्त बारीक होती. क्रेट डाव्या बाजूला जास्त भरले होते. उधाण वेळेआधी आलं. टायर. ड्रायव्हिंग. हार रेडिएटरसमोर आला असण्याची शक्यता.

हे सगळं विजयाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापत राहिली.

१४ ऑगस्ट, गुरुवार.

गाडी ओढून बोईसरला मिथुनकडे नेली. मीही गेलो, कोणी बोलावलं नव्हतं. मिथुनने एक चाक उचललं, बोटाने फिरवलं, थांबेपर्यंत बघत राहिला. मग म्हणाला, अंकल, उंगली से घूम रहा है, यही तो बीमारी है, अंदर पकड ही नहीं बची. म्हणजे ज्या दिवशी ते चाक मला हलत नव्हतं, त्या दिवशी ते ठणठणीत होतं. अमेरिकन म्हातारा बरोबर होता.

गोळा उघडून त्याने विचारलं, बाकी प्लेट कुठे? नवीन मागवल्या तर महिना जाईल. सुजीतने डोळे मिटले.

मी रिक्षाने घरी जाऊन आलो. बिस्किटाचा डबा समोर ठेवला. चकत्या चार नग, स्प्रिंग एक नग. प्रत्येकीला चिठ्ठी: कुठल्या बाजूची, कितवी, काढल्याची तारीख. गंज धरू नये म्हणून ऑईलच्या कागदात गुंडाळलेल्या. मिथुन एकेक उलगडत होता. म्हणाला, वीस साल में ऐसे किसीने नहीं रखा. मग माझ्याकडे बघून विचारलं, अंकल, आप स्टोर में थे क्या?

मी म्हटलं, चहा सांगू का.

ग्रीस पुसून, चकत्या-स्प्रिंग बसवून, नवीन ऑईल घालून गाडी संध्याकाळी तयार. उचललेलं चाक मी हात लावून पाहिलं. हललं नाही.

१७ ऑगस्ट, रविवार. दुपारी.

सुजीत आला. बिस्किटाचा रिकामा डबा परत द्यायला आणि गाडीचा माझ्याकडे राहिलेला जॅक न्यायला. बोईसरहून बर्फाच्या फेऱ्या मिळाल्यात म्हणाला, यंदा आमी तेवढ्यावर काढू. मी म्हटलं, माझी चूक झाली. तो म्हणाला, ऱ्हाऊ द्या भावोजी.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. काय झालं कोण जाणे, मी सांगून टाकलं. मी मेंटेनन्समध्ये नव्हतो. मेंटेनन्सच्या स्टोअरमध्ये होतो. खिडकीतून स्पेअर पार्ट द्यायचो आणि सही घ्यायचो. चोवीस वर्षांत पाना हातात धरला तो मोजण्यापुरता. एवढं बोलून होईपर्यंत चहावर साय आली.

विजया म्हणाली, ठाऊक आहे. लग्न ठरायच्या आधीच बाबा कंपनीच्या गेटवर चौकशी करून आले होते.

मी सुजीतकडे पाहिलं. तो म्हणाला, आमाला सगल्यांना ठावं हाय. साडूच्या शेडचे पत्रे बी जाग्यावर हायत. पन साडूला खोड हाय, दिसलं की खोलतो. म्हनून यंदा तुमच्याकडं आणली. म्हटलं, भावोजी स्टोरवाला मानूस, जशी दिली तशी परत देतील.

जॅक एक नग, परत दिला. सही मागितली नाही.